निर्णयाआधी आपल्याच तोंडची वाक्यं ऐका

कॉग्निटिव्ह बायसच्या, म्हणजे विचार करताना आपल्याकडून नकळत होणाऱ्या ठरावीक चुकांच्या, याद्या हव्या तेवढ्या मिळतात. शंभर-दीडशे नावं आणि प्रत्येकापुढे दोन ओळींची व्याख्या. अशी यादी वाचली की समोरच्याच्या बोलण्यातला बायस पटापट दिसायला लागतो, स्वतःचा मात्र दिसत नाही. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना वेगवेगळे बायस समजावून सांगितले आणि विचारलं, हे तुमच्यात किती आणि इतरांत किती? उत्तर सरळ आलं: इतरांत जास्त. आपण स्वतःची तपासणी मनात डोकावून करतो, आणि तिथे बायस सापडत नाही. तिथे सापडतात ती आपली कारणं, आणि ती सगळी पटण्यासारखीच असतात.

म्हणून मनात डोकावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. माझं काम वेळापत्रकं लावण्याचं आहे: कोणतं काम कधी पुरं होईल, त्यावर कोणाला घ्यायचं, काय अर्ध्यावर थांबवायचं. बैठकांमध्ये बोलणं लिहून घेण्याचं कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. ती टिपणं मागे जाऊन चाळायची सवय लागली आणि लक्षात आलं की फसलेल्या निर्णयांच्या आधी येणारी वाक्यं तीच तीच असतात. माणसं बदलतात, विषय बदलतो, वाक्य तेच. मन पकडता येत नाही, पण तोंडातून निघालेलं वाक्य पकडता येतं. खाली लिहिलंय ते त्या वाक्यांबद्दल, आणि ती ऐकू आली की काय करायचं त्याबद्दल.

आधी एक अट. हा सगळा खटाटोप प्रत्येक निर्णयाला करायचा नाही. जो निर्णय उद्या सहज फिरवता येतो, तो पटकन घ्या आणि मोकळे व्हा. नोकरी बदलणं, मोठं कर्ज, कोणाला कामावर घेणं, शस्त्रक्रिया करावी की थांबावं, भागीदारी असे मागे फिरायला अवघड जाणारे निर्णय असतील तरच कागद काढा. आणि कागद म्हणजे खरोखरचा कागद किंवा फाइल. डोक्यातल्या डोक्यात हे जमत नाही, कारण डोकं मजकूर बदलतं आणि बदलल्याचं कळवतही नाही.

"हे बघ, हेही आपल्या म्हणण्याला धरूनच आहे"

सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य हेच. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तो कोणावरही करून बघता येतो. समोरच्याला सांगायचं: २, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तू आणखी तीन-तीन आकडे सुचव, ते बसतात की नाही एवढंच मी सांगेन. खात्री झाली की नियम सांग.

लोक काय करतात बघा. "८, १०, १२?" बसतात. "२०, २२, २४?" बसतात. "१००, १०२, १०४?" बसतात. मग आत्मविश्वासाने: "दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!" चूक. नियम एवढाच असतो की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ चाललं असतं, ५, १७, ९० सुद्धा चाललं असतं. पण ते विचारायला सुचत नाही, कारण आपल्या अंदाजाप्रमाणे तिथे "नाही" हे उत्तर यायला हवं आणि "नाही" ऐकण्यासाठी कोणी प्रश्न विचारत नाही. "हो" मिळत राहतं आणि प्रत्येक "हो"बरोबर चुकीचा अंदाज आणखी घट्ट होतो.

यावर उपाय म्हणून "खुल्या मनाने विचार करा" असं सांगून काही होत नाही. एक ठरावीक प्रश्न लिहून त्याचं उत्तर लिहावं लागतं: काय दिसलं तर मी हा विचार सोडून देईन? उत्तर ठोस हवं. "परिस्थिती वाईट असेल तर" हे उत्तर नव्हे. "आधीच्या तीन ग्राहकांना फोन केला आणि त्यातल्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे जाणार नाही असं सांगितलं तर" हे उत्तर. मग तोच फोन आधी करायचा. पुष्टी देणारे फोन नंतर केले तरी चालतात, त्यांची घाई नसते.

चार्ल्स डार्विनची एक सवय इथे उपयोगी पडते. आपल्या सिद्धांताविरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात आली की तो ती ताबडतोब टिपून ठेवत असे, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात हा त्याचा अनुभव होता. मी कागदाच्या मागच्या बाजूला फक्त विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी लिहिते. मागची बाजू कोरी राहिली तर समजायचं की अजून शोधलंच नाही.

"साधारण किती म्हणताय?"

वाटाघाटी असोत की अंदाजपत्रक, पहिला उच्चारलेला आकडा पुढच्या सगळ्या आकड्यांना आपल्याकडे ओढतो. हा अँकरिंगचा परिणाम. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, जे मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं असे. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांनी १० पाहिला त्यांचा मधला अंदाज २५ टक्के निघाला, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. समोरच्याने आकडा सांगण्याआधी स्वतःचा आकडा लिहून ठेवायचा. गट असेल तर प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आमच्याकडे पूर्वी सगळ्यांत ज्येष्ठ माणूस आधी बोलायचा आणि मग बाकीच्यांचे अंदाज त्याच्या आकड्याच्या आजूबाजूला घुटमळायचे. चिठ्ठ्या सुरू केल्यावर अंदाजांत एवढी तफावत दिसायला लागली की चर्चा आपोआप "किती" वरून "तुला एवढं का वाटतं" वर गेली. खरी माहिती तिथेच बाहेर येते.

"या वेळी सगळं सुरळीत होईल"

हे माझ्या कामाचं वाक्य, म्हणून इथे जरा थांबते.

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४ साली पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५-५६. इथवर नवल नाही. पण त्यांनी आणखी एक विचारलं होतं: जेवढं वाईट होऊ शकतं तेवढं सगळं झालं, तर किती दिवस? त्याचं उत्तर सरासरी ४९ च्या आसपास आलं. म्हणजे वाईटात वाईट कल्पना करूनही लोक प्रत्यक्षाच्या अलीकडेच थांबले.

हे वाचल्यापासून "वाईटात वाईट किती लागेल?" हा प्रश्न मी विचारत नाही. तो विचारला की आपण काळजी घेतल्याचं समाधान तेवढं मिळतं. दोष कल्पनाशक्तीचा नसतो. आपण हातातल्या कामाकडे आतून बघतो: आधी हे करू, मग ते, मग जोडू, संपलं. या साखळीत कोणाचं आजारपण नसतं, परवानगी अडकणं नसतं, "हे आधी का नाही सांगितलं" नसतं. यातली कोणती अडचण येईल ते सांगता येत नाही, पण काहीतरी येणार हे जवळपास ठरलेलं असतं.

त्याऐवजी काय करायचं ते असं. सर्वांत आधी, कामाचे तुकडे पाडण्याच्याही आधी, याच प्रकारची आधी झालेली कामं शोधायची. पाच-सात मिळाली तरी पुरे. प्रत्येकाला ठरवलेला वेळ आणि लागलेला वेळ शेजारी शेजारी मांडायचे. स्वतःची कामं नसतील तर दुसऱ्यांची चालतात. उलट ती बरी, कारण तिथे आपल्याकडे सबबी नसतात. मग त्या लागलेल्या वेळांतला मधला आकडा घ्यायचा आणि तो आपला पहिला अंदाज धरायचा. त्यानंतरच आपलं काम या बाकीच्यांपेक्षा कुठे वेगळं आहे ते बघून तो थोडा वर-खाली करायचा.

याच ठिकाणी वाक्य येतं: "पण ती कामं वेगळी होती." येणारच. प्रत्येक काम वेगळं असतं. सिडनीचं ऑपेरा हाउस तर इतकं वेगळं होतं की तसं आधी कोणी बांधलंच नव्हतं. १९६३ साली ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पुरं व्हायचं ते १९७३ साली उघडलं आणि खर्च १० कोटींच्या वर गेला. वेगळेपण हे वेळ कमी लागण्याचं कारण म्हणून कोणी सांगायला लागलं की मी एवढंच विचारते: वेगळेपणामुळे काम लांबलं अशी उदाहरणं जास्त आठवतात की आटोपलं अशी?

"आता एवढं केलंच आहे तर…"

वाक्याचा उरलेला भाग ऐकायचीही गरज नाही. "एवढं" म्हणजे गेलेला पैसा, गेलेली वर्षं, घेतलेले कष्ट. यातलं काहीही पुढच्या निर्णयाने परत मिळत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली नाटकांच्या हंगामी तिकिटांवर केलेला प्रयोग बोलका आहे. तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना कोणताही निकष न लावता सवलत दिली. नाटकं तीच, प्रेक्षक तशाच आवडीचे. तरी पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त प्रयोगांना आले. पैसे भरले म्हणून नाटक जास्त आवडेल असं थोडंच आहे?

करायचं एवढंच की प्रश्न नव्याने लिहायचा: हे काम आज कोणीतरी मला याच अवस्थेत फुकट दिलं असतं, तर मी इथून पुढचा खर्च आणि वेळ यात घातला असता का? उत्तर "हो" असेल तर खुशाल पुढे जा. जुना खर्च बुडीत धरायचा म्हणजे काम सोडायचंच असं नाही. उत्तर "नाही" असेल आणि तरीही हात निघत नसेल, तर बहुधा अडचण पैशाची नसते. थांबलो तर लोक काय म्हणतील याची असते. तसं असेल तर थांबण्याचा निर्णय ज्याने सुरुवात केली नव्हती त्याच्याकडे द्यावा.

"बघताक्षणीच कळलं"

मुलाखतींच्या पॅनेलवर हे इतकं सहज बोललं जातं की त्यात काही खटकतही नाही. माणूस आत आला, नीट बोलला, हसला, आणि मग त्याच्या उत्तरांत हुशारीच दिसायला लागली. एका गुणाचा उजेड बाकीच्या सगळ्यांवर पडतो. याला हॅलो इफेक्ट म्हणतात.

कानेमन तरुणपणी इस्रायली सैन्यात होता, तेव्हा १९५५ च्या सुमारास नव्या सैनिकांच्या मुलाखतींची पद्धत बदलण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याने सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी प्रत्यक्ष वागणुकीबद्दलचे प्रश्न तयार केले, आणि एका गुणाला आकडा दिल्याशिवाय पुढच्या गुणाकडे जायचं नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्रं बनवताय म्हणाले. तेव्हा त्याने शेवटी एक रकाना वाढवला: आता डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल याची कल्पना करा आणि आकडा द्या. नंतर तपासलं तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा खूप चांगली ठरलीच, पण तो डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच उपयोगी निघाला.

अंतर्मनाचा आवाज ऐकू नका असा उपदेश मला पटत नाही, तो यामुळेच. ऐका, पण सगळ्यात शेवटी.

मी वापरते तो तक्ता असा. डावीकडे पाच गुण, पाचाहून जास्त नाहीत. या कामासाठी खरंच लागणारे आणि एकमेकांत न मिसळणारे. "व्यक्तिमत्त्व" नावाचा गुण नाही. तो लिहिला की सगळा हॅलो तिथून आत शिरतो. प्रत्येकापुढे १ ते ५ आकडा आणि त्याशेजारी त्या माणसाने सांगितलेली एक घटना, त्याच्याच शब्दांत. घटना लिहिता आली नाही तर आकडा द्यायचा नाही, रकाना रिकामा ठेवायचा. पॅनेलवरच्या प्रत्येकाने तक्ता भरेपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, चेहऱ्यानेही नाही. (हे सर्वांत अवघड. काही जणांच्या भुवया फार बोलतात.) हाच तक्ता राहायची जागा निवडताना, यंत्र घेताना, दोन नोकऱ्यांमधून एक निवडताना चालतो. फक्त गुण पर्याय बघण्याच्या आधी ठरवायचे. बघितल्यावर ठरवले तर जो आवडला त्याच्या मापाने गुण बेतले जातात.

"परवाच एकाचं असं झालं"

ताजं, भडक, ओळखीच्या माणसाचं उदाहरण डोक्यात आलं की ती गोष्ट वारंवार घडते असं वाटायला लागतं. अशा वेळी विचारायचं: शंभर किंवा हजार जणांमध्ये किती जणांचं असं होतं? टक्क्यांत नाही, माणसांत मोजायचं. फरक किती पडतो बघा.

एक आजार हजारात एकाला होतो. चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती? १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हार्वर्डमधल्या ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना हे विचारलं होतं. सर्वाधिक जणांनी सांगितलं, ९५ टक्के. बरोबर उत्तर फक्त ११ जणांनी दिलं. आता माणसं मोजा. हजार जण आले. एक खरोखर आजारी, तो पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९९ मधले ५ टक्के, म्हणजे सुमारे ५०, चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५१ जण रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेत, त्यात आजारी एक. शक्यता २ टक्क्यांच्या आत. अर्थात आधीच लक्षणं असतील तर सुरुवातीचा "हजारात एक" हा आकडाच बदलतो, म्हणून डॉक्टरांना तोच विचारावा: माझ्यासारखी लक्षणं असलेल्या शंभर जणांत किती जणांना हा आजार निघतो?

याचाच धाकटा भाऊ म्हणजे मांडणीचा परिणाम. "१०० पैकी ९० वाचतात" आणि "१०० पैकी १० दगावतात" ही एकच माहिती, पण पहिल्यावर होकार येतो आणि दुसऱ्यावर हात आखडतो. कोणताही आकडा ऐकला की तो उलटा करून दुसऱ्या ओळीत लिहायचा. दोन्ही ओळींवर तोच निर्णय येत असेल तरच पुढे सरकायचं. एवढंच, यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

निर्णय झाल्यावर, अंमल होण्याआधी

सगळ्यांचं एकमत झालं की मला जरा धास्तीच वाटते. अशा वेळी गॅरी क्लाइन यांची प्रीमॉर्टेम ही पद्धत वापरते. सगळ्यांना सांगायचं: वर्ष उलटलंय, आणि हा निर्णय पार फसलाय. फसू शकतो असं नाही, फसलाच आहे. का फसला ते पाच मिनिटं गुपचूप लिहा. मग एकेकाने एक कारण वाचायचं, सगळ्यात नव्या माणसापासून सुरुवात करून. "यात काही धोका दिसतो का?" असं विचारलं की सगळे मान हलवतात, कारण धोका दाखवणारा खोडा घालणारा ठरतो. "का फसलं?" विचारलं की तोच माणूस हुशार ठरतो आणि मनात दाबून ठेवलेलं बाहेर येतं. एकट्याने निर्णय घेत असाल तर हेच पत्र स्वरूपात लिहा, वर्षभरानंतरच्या तारखेचं.

शेवटचं वाक्य निकाल लागल्यानंतर येतं: "मला आधीच माहीत होतं." बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७२ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याचे अंदाज घेतले आणि नंतर विचारलं, तुम्ही तेव्हा किती शक्यता सांगितली होती? जे घडलं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती असंच लोकांना आठवलं. स्मृती अशी दुरुस्त होत राहिली तर निर्णयांतून शिकायला काही उरतच नाही.

त्यासाठी वही ठेवा. निर्णयाच्या दिवशी तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं आणि त्याची खात्री शंभरात किती, एवढं लिहा. "बहुतेक होईल" लिहू नका; "शंभरात ७०" लिहा. "बहुतेक"चा अर्थ नंतर सोयीने बदलता येतो, ७० चा बदलत नाही. आणि वही उघडाल तेव्हा निकालाच्या आधी कारणं वाचा. चांगला विचार करून घेतलेला निर्णय नशिबाने फसू शकतो आणि आंधळेपणाने मारलेला बाण लागू शकतो. निकाल आधी बघितला की पहिला मूर्खपणा वाटतो आणि दुसरी दूरदृष्टी. ७० लिहिलेल्या नोंदी पुरेशा जमल्या की त्या वेगळ्या काढा. त्यातल्या साधारण सत्तर टक्के खऱ्या ठरल्या असतील तर तुमची खात्री जाग्यावर आहे. निम्म्याच ठरल्या असतील तर पुढच्या वेळी हाताला ७० लिहावंसं वाटेल तिथे ५० लिहा.

राहता राहिली ही सगळी माहिती दुसऱ्यावर वापरण्याची गोष्ट. "हा तुझा कन्फर्मेशन बायस आहे" (म्हणजे तू आपल्या म्हणण्याला धरून असलेलंच शोधतोयस) असं म्हटल्याने कोणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. समोरचा आपली बाजू आणखी आवेशाने मांडायला लागतो, बस. त्याऐवजी प्रश्न तेवढा त्याच्यापुढे ठेवावा, नाव न घेता: काय दिसलं तर तू हा विचार सोडशील? त्याला उत्तर सुचेपर्यंत गप्प बसावं. आणि तोच प्रश्न त्याने उलटून आपल्याला विचारला तर उत्तर तयार असावं.